तापाचं बारसं

"जोडून लिहायचं की तोडून, एवढंच सांगा काकू," संपादक म्हणाले. "पान अडलंय."

काकूंनी हातातलं काम बाजूला सारलं. अख्ख्या वर्तमानपत्राची भाषा त्यांच्या टेबलावरून जायची. रोगांची नावं कशी लिहायची, हेही त्यांनीच ठरवून दिलेलं. डॉक्टरच्या नावावरून पडलेलं नाव जसंच्या तसं, बाकी सगळं साध्या अक्षरांत, उगाच भपका नको. शेजारी इंग्रजी आवृत्तीवाल्यांची पहिलं अक्षर मोठं की छोटं यावरून सकाळपासून जुंपली होती. इथे ती भानगड नव्हती. इथे नव्या तापाला काकूंच्या गावाचं नाव चिकटलं होतं, आणि ते 'ताप' या शब्दाला जोडून छापायचं की सुटं, एवढंच संपादकांना हवं होतं.

"जोडूनही नको, तोडूनही नको," काकू म्हणाल्या. "गावाचं नावच काढा."

"अहो, सगळे तसंच म्हणतायत!"

"म्हणू देत. ताप आणला बाहेरच्या पाहुण्यानं. आमच्या दवाखान्यानं तो ओळखला, हाच काय तो आमचा गुन्हा. चोर सोडून संन्याशाला फाशी! काल माझ्या भाचीला वसतिगृहातून सामानासकट बाहेर काढलं. गाव कोणतं, एवढंच विचारलं तिला. साधी शिंक आली नव्हती हो पोरीला!"

बोलता बोलता त्यांनी लाल पेन टेबलावर आपटलं. स्वतःचाच राग आला त्यांना.

संपादक जरा नरमले. "वाईट झालं. पण घरचं दुखणं कामात नका आणू. वाचकाला नाव लागतं. नावाशिवाय ताप लक्षात राहतो का कुणाच्या?" मग त्यांची मान नेहमीसारखी ताठ झाली. "आणि ही बातमी जगाला आधी दिली कोणी? मीच ना?"

"तुम्हीच." काकूंनी पान ओढून घेतलं. "या चहा घेऊन. नियमात बसवून ठेवते."

सुटलो एकदाचे, असं म्हणत संपादक गेले. परत आले तेव्हा टेबलावर नवं प्रूफ होतं. मथळ्यात तापाच्या आधी त्यांचं आडनाव होतं. बातमीतही जिथे गाव होतं तिथे तेच. त्यांच्या आडनावाच्या तापानं शाळा बंद पडल्या होत्या, बाजार ओस पडला होता.

ते खो खो हसले. "काकू, तुम्ही म्हणजे ना..."

"हसता काय? रोग जो आधी दाखवतो त्याचं नाव रोगाला देतात. जुनी रीत आहे. आणि हे बघा, जोडून लिहिलंय. करा सही, पाठवते छापायला."

संपादकांनी पान पुन्हा वाचलं. या खेपेला हसू काही आलं नाही. सही करायला उचललेला हात तसाच राहिला.

"घराच्या दारावर पाटी आहे हो माझ्या," ते हळूच म्हणाले.

"आमच्या गावाच्या वेशीवरही आहे," काकू म्हणाल्या. "कालपासून येणारे-जाणारे तिच्यावर दगड मारतायत."

आणि त्यांनी लाल पेन पुढे केलं.