वाणाचा कुकर

टेम्पोचा फाळका उघडला तेव्हा वरच्या ट्रेमधला बलक खालच्या ट्रेवर ठिबकत होता. शहरातल्या हॉटेलांना अंडी पुरवणारे इनामदार पहिला माल बघायला हायवेवर थांबले होते.

"अंडी चांगली आहेत, ताई," ते बचत गटाच्या हौसाबाईंना म्हणाले, "पण निम्मी वाटेतच फुटली. गावचा रस्ता किती जुना आहे?"

"यंदाच्या दिवाळीतच झालाय."

"मग तक्रार नाही केली?"

हौसाबाई फुटकी अंडी वेगळी काढू लागल्या. रस्त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं आहे का, असं इंजिनिअरनं ग्रामसभेत विचारलं होतं. पण तेव्हा संक्रांत नुकतीच झाली होती. रस्त्याच्या ठेकेदाराच्या बायकोनं गावातल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावून प्रत्येकीच्या हातात नवा कुकर ठेवला होता. वाण नको म्हणता येत नाही. आणि ज्याच्या घरचं वाण घेतलं, त्याच्याविरुद्ध चार लोकांत उभं राहून बोलायचं कुणी? सभेत एकीनंही तोंड उघडलं नाही.

"रस्ता नीट झाला की फोन करा," म्हणत इनामदार माल न घेताच गाडीत बसले.

"झालेला रस्ता आता पुन्हा कोण करतंय," टेम्पोवाला फाळका लावताना पुटपुटला.

त्या संध्याकाळी गटातल्या घरोघरी अंड्याचं कालवण होतं. भातासाठी हौसाबाईंनी कुकर चढवला. त्याच्यावर ठेकेदाराचं नाव ठसठशीत कोरलेलं होतं. थोड्या वेळानं शिट्टी झाली. मग शेजारच्या घरात झाली, मग पलीकडच्या आळीत.