मनस्वीला दाखवायचा किल्ला

आधी किल्ला बघायचा की तलवारी, यावर रावजी अडून बसले होते. सुनेनं, ज्ञानेश्वरीनं, ओटीवर त्यांच्यासमोर जपानचा नकाशा पसरला होता.

"आधी किल्ला," रावजी म्हणाले. "सामुराई राहायचे कसे ते कळलं, तरच पोरीला तलवारीचं महत्त्व कळेल."

पाली गावातल्या मुलांना लाठी आणि दांडपट्टा शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. सामुराई हा त्यांचा जुना नाद. नात मनस्वी नीट चालायला लागली तेव्हाच त्यांनी तिच्या हातात वेताची छडी दिली. आपल्या पट्ट्याची पकड वेगळी आणि जपानी तलवारीची वेगळी, हे तिला अक्षरओळख होण्याआधी ठाऊक होतं.

ज्ञानेश्वरी घाई करत नव्हती. क्योटोला मुक्काम, तिथून आगगाडीनं किल्ला, मग कानाझावा, असं ती बोटानं दाखवत गेली. कानाझावाला सामुराईंची जुनी घरं आहेत, मातीच्या भिंतींच्या गल्ल्या आहेत, असं तिनं सांगितलं. आपल्या दगडी कुंपणाच्या गडग्यांसारख्या का, असं रावजींनी विचारलं. तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले.

मग थंडीचा विषय निघाला. मनस्वीला सर्दी लगेच होते, तिला जाड स्वेटर घ्या, असं त्यांनी बजावलं. विमानात भात मिळतो का, याची चौकशी झाली. मुलाला, शुभंकरला, हातखंब्याचं टायरचं दुकान बंद ठेवायला जमेल का, अशी त्यांना शंका होती. नवऱ्यानं कबूल केलंय, असं ज्ञानेश्वरी म्हणाली. मनस्वी कुठे आहे, असं त्यांनी मध्येच विचारलं, तर क्लासला गेलीय, म्हणाली.

तिनं त्यांना आवडतो तसा आलं घातलेला चहा दिला. रावजींचा चेहरा खुलला होता. ते उठले, कोपऱ्यातली काठी घेतली आणि सामुराई तलवार कशी उपसत, ते करून दाखवलं. काठी जरा तिरकी गेली, पण पावलं बरोबर पडली. ज्ञानेश्वरी हसली.

"तिथले जिने फार उभे असतात म्हणतात," रावजी बसता बसता म्हणाले. "पण तू काळजी करू नको गो. मी पोरीचा हात सोडायचा नाही."

ज्ञानेश्वरीनं नकाशा घडी करून बाजूला ठेवला.

"सोडलात, बाबा."

"काय गो?"

"आपण जपानला जाऊन आलो. मागच्या वर्षी. किल्ल्याच्या वरच्या मजल्यावर तुम्हाला चिलखत जवळून बघायचं होतं. तुम्ही तिचा हात सोडलात आणि ती जिन्यावरून खाली पडली. मनस्वी नाही आता."

रावजी आधी हसले. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्यांनी नातीला हाक मारली, पुन्हा मारली. ज्ञानेश्वरी आत गेली. वडिलांच्या नजरेस पडू नये म्हणून शुभंकरनं कपाटात ठेवलेला मनस्वीचा हार घातलेला फोटो तिनं बाहेर आणला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

रावजी खाली जमिनीवर बसले. उजवा हात फरशीवर आपटत राहिले.  ज्ञानेश्वरी समोर बसून ते सगळं बघत होती. ते थकून थांबेपर्यंत ती हलली नाही. मग तिनं फोटो जागच्या जागी नेऊन ठेवला.

दिवेलागणीला शुभंकर घरी आला तेव्हा रावजी खुर्चीत शांत बसले होते. डोळे सुजले होते. आपला हात का ठणकतोय, हे त्यांना कळत नव्हतं. विसराळूपणाचं दुखणं जडल्यापासून घडलेलं काही त्यांच्यापाशी टिकत नसे. मनस्वी क्लासवरून आली का, असं त्यांनी मुलाला विचारलं. शुभंकरनं येईल म्हणून सांगितलं आणि मान वळवली.

आत येऊन त्यानं बायकोला विचारलं, बाबांना काय झालं. आज जरा थकलेत, ती म्हणाली.

"तू रोज त्यांच्यापाशी बसतेस, त्यांचं जपान ऐकतेस," शुभंकर म्हणाला. "दुसरी कोणी असती तर तोंडही बघितलं नसतं त्यांचं."

ज्ञानेश्वरीनं नकाशा उद्यासाठी हाताशी काढून ठेवला. आज आपण जरा घाई केली, असं तिला वाटत होतं. उद्या त्यांना आणखी थोडं खूश होऊ द्यायचं, आणि मग सांगायचं.