प्रोफेसर ग्रीर वाजवत नाहीत

प्रोफेसर ग्रीरांनी डुकराच्या खुराचं हाड चोखून बशीत टाकलं आणि तीच तेलकट बोटं पियानोच्या पट्ट्यांवर फिरवली. आयडेलाला शिसारी आली.

याच बोटांसाठी ती दूरच्या डेटन गावाहून हार्लेमला आली होती. डेटनला मावशीकडे आपोआप वाजणारा पियानो होता. एखाद्या वादकाच्या वाजवण्याबरहुकूम भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी बसवायची, पायांनी भाता मारायचा, की पट्ट्या आपसूक खाली जात. नामांकित पियानोवादक ग्रीरांनी वाजवून भरलेल्या एका गुंडाळीवर तिनं दोन वर्षं घालवली. भाता अगदी हळू मारायचा आणि खाली जाणाऱ्या पट्ट्यांवर आपली बोटं ठेवायची. हार्लेममधली अर्धी वादक मंडळी असंच शिकली होती. सगळं गाणं बसलं. मधल्या एका जागी मात्र ती हटकून अडखळे. ती जागा ग्रीर कशी काढतात ते एकदा बघायचं. तरीही जमलं नाही, तर पियानो सोडून लाँड्रीत कामाला लागायचं, असं तिनं आईला कबूल केलं होतं.

"प्रोफेसर, आता तरी वाजवा ना ते गाणं."

"आज बोटं आखडलीत, पोरी."

"मघाशी खाताना तर बरी चालत होती."

प्रोफेसर खो खो हसले. "मॅटी, जीभ बघ पोरीची! अगं, हिला बटाट्याचं सॅलड वाढ."

त्यांची बायको मॅटी मुकाट्यानं वाढून आत गेली. प्रोफेसरांच्या बढाया चालूच राहिल्या. अमक्याला हरवलं, तमक्याला रडवलं. मध्येच ढेकर, पट्ट्यांवर सिगारची राख. वाजवायचं मात्र नाव नाही. नाव मोठं, लक्षण खोटं! आयडेलाला या माणसाची किळस आली, आणि त्याच्यापायी दोन वर्षं घालवणाऱ्या स्वतःचीही.

"उठा," ती म्हणाली. "मीच वाजवते."

तिनं रुमालानं पट्ट्या पुसल्या आणि सुरुवात केली. ती जागा आली, बोटं नेहमीसारखी अडखळली. कसंबसं सावरून तिनं गाणं संपवलं. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"बघितलंत? तिथंच घोडं अडतं. माझ्या नशिबी लाँड्रीच."

मॅटी ओल्या हातांनी दारात येऊन उभी होती. प्रोफेसर तिच्याकडे वळले.

"मॅटी, ऐकलंस ना? त्या गुंडाळीसाठी आपण दोघांनी शेजारी बसून चार हातांनी जे वाजवलं होतं, ते ही पोरगी एकटी वाजवतेय."