सहा सेकंद

शेवटच्या फेरीचे दहा सेकंद उरले, तेव्हा सेकंदकाकांनी लाकडी ठोकळा टेबलावर दोनदा आपटला. टक, टक. वीस वर्षांच्या सवयीने नजर हातातल्या स्टॉपवॉचवर होती. वेळ सांभाळणाऱ्याने लढत बघायची नसते, असं ते नव्या पंचांना बजावत. आज मात्र फेरीच्या मध्येच त्यांनी एकदा मान वर केली होती आणि नको ते पाहिलं होतं. त्यांची मुलगी दोरांना पाठ टेकून ठोसे खात होती.

खरं तर आज ते या खुर्चीत बसणारच नव्हते. पण हॉलमधलं मोठं घड्याळ सकाळी बंद पडलं आणि दुसरा माणूस मिळेना. काकांनी नाही नाही म्हणून पाहिलं. तेव्हा समोरच्या मुलीचा प्रशिक्षकच हसून म्हणाला, "बसा हो. तुमचं घड्याळ सख्ख्या आईलाही अर्धा सेकंद जास्त देणार नाही."

घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर वर्षभराच्या जागतिक स्पर्धांचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. जानेवारीत टेनिस, मग फुटबॉल, ॲथलेटिक्स, ज्युदो, कुस्ती. एकेक स्पर्धा आटोपली की मुलगी तिच्यावर काट मारायची. आता एकच उरली होती, नोव्हेंबरातली बॉक्सिंगची. तिच्याभोवती लाल पेनाचा गोल होता. आजची लढत जिंकेल ती तिकडे जाणार होती. हरणारीने वेळापत्रक रद्दीत टाकायचं.

लहानपणी ती जेवायला कुरकुर करायची, तेव्हा काका स्टॉपवॉच घेऊन बसत. डोळे मिटून एकशे ऐंशी मोजायचे, म्हणजे तीन मिनिटं, म्हणजे एक फेरी. चुकली तर घास खायचा. वर्षभरात पोरगी चुकेनाशी झाली आणि आईला दुसरी युक्ती शोधावी लागली. पुढे ती रिंगमध्ये उतरली तेव्हा काकांनी तिला एकच गोष्ट शिकवली होती. टकटक ऐकू आली की उरलेले दहा सेकंद आपले.

एक. दोन. तीन. मग ओल्या गादीवर काठी हाणावी तसा आवाज आला आणि अख्खा हॉल ओरडत उभा राहिला. पोर गेली, एवढंच काकांना वाटलं. उजव्या हाताने घंटेची दोरी ओढली, डाव्या अंगठ्याने घड्याळ थांबवलं. दोन मिनिटं चौपन्न सेकंद.

मग त्यांनी वर पाहिलं. मुलगी रिंगच्या मधोमध उभी होती, दुसरा ठोसा उगारलेला. समोरचीचे गुडघे वाकले होते, ती दोर धरून कशीबशी उभी होती. पोरीने एवढा मार खाल्ला होता तो या दहा सेकंदांसाठी, बापाच्या टकटकीची वाट बघत.

गुण जाहीर झाले. दोन विरुद्ध एक. मुलगी हरली.

तिचा प्रशिक्षक तणतणत टेबलाशी आला. "घंटा लवकर झाली. मला घड्याळ बघायचंय."

मागोमाग मुख्य पंच आले. "वेळ कमी भरली असेल तर लढत पुन्हा घेऊ," ते म्हणाले. "पण काका, मग तुम्हाला ही खुर्ची कायमची सोडावी लागेल. बोला, पूर्ण झाली होती फेरी?"

काकांनी हातातलं घड्याळ टेबलावर आपल्यापुढे ठेवलं. वीस वर्षं त्यांच्या घंटेवर कुणी शंका घेतली नव्हती.

तेवढ्यात मुलगी आली. ओठ फुटलेला, एक डोळा सुजून मिटत आलेला. तिने घड्याळाकडे पाहिलं, मग बापाकडे. हातात काढून धरलेला ग्लोव्ह तिने सहज ठेवावा तसा घड्याळावर ठेवला.

"पूर्ण एकशे ऐंशी," ती म्हणाली. "मी मोजत होते."

तिचं मोजणं कधी चुकत नाही, हे मुख्य पंचांनाही ठाऊक होतं. त्यांनी मान डोलावली आणि ते वळले.

"थांबा," काका म्हणाले. त्यांनी ग्लोव्ह उचलून पोरीच्या हातात दिला आणि घड्याळ पंचांपुढे सरकवलं.