माळ्यावरचं लंडन

खाली सोप्यात मारुतराव पाहुण्यांना आपला मुलगा लंडनात किती मजेत आहे ते सांगत होते, आणि तो मुलगा त्यांच्याच डोक्यावर, माळ्यावर, कांद्यांच्या शेजारी पालथा पडून ऐकत होता.

हललं की फळी करकरायची, म्हणून ज्योतीराम हलत नव्हता. खोकला आला तर टॉवेल तोंडात कोंब, अशी आईची ताकीद होती. लंडनला शिकायला गेलेला हा पोरगा तिथे दोन महिनेही न टिकता परत आलाय, हे चाकणात कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि सांगणार तरी कोणत्या तोंडाने? जाताना अख्खं गाव लेझीम खेळत वेशीपर्यंत आलं होतं. हारांत पोराची मान दिसत नव्हती. परत आला तो दिवेलागणीनंतर, तळेगाव स्टेशनापासून एकटा चालत. मारुतरावांनी त्याला उंबऱ्यातूनच थेट वर चढवला. शालनचं लग्न होऊ दे, मग बघू, म्हणाले.

शालन त्याची धाकटी बहीण. तळवड्याच्या बबनरावांनी तिला आपल्या मुलासाठी मागणी घातली ती मुलीचा भाऊ विलायतेत इंजिनियर होतोय म्हणून, हे काही फोड करून सांगायला नको. आज सुपारी फुटायची होती. आजचा दिवस निभावला की वैशाखात लग्न, आणि लग्न लागलं की ज्योतीराम खाली. एवढंच काय ते ठरलं होतं.

बबनरावांनी पोराला तिकडं करमतं का म्हणून विचारलं, आणि मारुतराव रंगात आले. न करमायला झालंय काय? राणीच्या वाड्याच्या मागच्याच आळीत खोली. घरमालकीण पोटच्या लेकासारखं बघते. सकाळी दार उघडावं तर उंबऱ्यात दुधाची बाटली. प्रोफेसर तर सारखे घरी जेवायला बोलावतात, यालाच वेळ नसतो. रविवारी दोस्तांबरोबर नदीवर फिरायला. नदी आपल्या इंद्रायणीसारखीच, फक्त पूल केवढाले! मारुतराव उभ्या जन्मात पुण्यापलीकडे गेले नव्हते. पण गडी असा सुटला की पाहुण्यांना पान खायचं भान राहिलं नाही.

वर ज्योतीरामला हे लंडन फार आवडलं. अशा गावात तो सुखाने राहिला असता. त्याच्या वाट्याला आलेल्या लंडनात दुधाची बाटली तेवढी खरी होती. खिडकीतून समोरची भिंत दिसायची. मीटरमध्ये नाणं टाकल्याशिवाय शेगडी पेटायची नाही. शाळेत इंग्रजीत पहिला येणारा हा पठ्ठ्या, पण तिथे तो बोलला की समोरचा कान पुढे करायचा, आणि दुसऱ्यांदा सांगताना त्याची जीभ टाळूला चिकटायची. मग त्याने कुणाला काही विचारणंच सोडलं. चुकीच्या बसमध्ये बसला तर गुपचूप उतरून तसाच चालत राहायचा. वर्गात मागच्या बाकावर बसू लागला, पुढे वर्गातही जाईना. एकदा भाजीच्या दुकानात कांदे बघून भर रस्त्यात रडला. ते तर सोललेलेही नव्हते. दिवसचे दिवस खोलीत बसून राहायचा, आणि जिन्यात पाऊल वाजलं की श्वास रोखून धरायचा. त्या कोंडीतून पळून आला, आणि आला तो कुठे? तर इथे, माळ्यावर. तिथे निदान दाराची कडी आतून होती.

खाली शालन चहा घेऊन आली. फळ्यांच्या फटीतून त्याला तिचा भांग दिसला. कपबश्या फिरल्या, सुपारीचं ताट पुढे आलं, आणि बबनरावांनी हात आखडता घेतला. कानपिळी कोण करणार, म्हणाले. मांडवात नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा आणि मानाचा पोशाख घ्यायचा, ही रीत. मारुतराव म्हणाले, चुलत्याचा पोरगा आहे की.

"सख्खा भाऊ असताना चुलत्याचा कशापायी?" बबनराव म्हणाले. "इंजिनियर मेव्हणा मांडवात दिसला पायजे. कधी येतोय परत?"

"तीन वर्षं तरी लागतील," मारुतराव म्हणाले.

"मग आमी थांबतो. घाई न्हाई आमाला."

माणूस मोठ्या मनाचा, त्याला बोल तरी काय लावणार? मारुतरावांनी सांगून पाहिलं, की पोरगी लग्नाची झालीय, गाव नावं ठेवील, वैशाखाचा मुहूर्त चांगला आहे. बबनरावांनी सगळं हसण्यावारी नेलं. सून त्यांचीच, शब्द त्यांचाच, गावाला काय भ्यायचं? वर ज्योतीरामने हिशेब केला. तीन वर्षं या फळ्यांवर. आणि शालनचीही तीन वर्षं, त्याच्याच पायी.

शालन अजून तिथेच उभी होती. सोयऱ्यांपुढे मुलीने तोंड उघडायची पद्धत नव्हती. तिने पदर सावरला, मान वर केली आणि फळ्यांकडे बघून सरळ विचारलं,

"दादा, तीन वर्सं थांबायचं म्हणत्यात. थांबू का मी?"

आतल्या दारात उभ्या असलेल्या आईने पदर तोंडात कोंबला. पाहुण्यांच्या माना एकेक करून वर गेल्या. मारुतराव तेवढे चहाच्या कपात बघत राहिले.

"नको थांबू," ज्योतीराम वरून म्हणाला. माळ्याच्या तोंडाशी सरकला आणि त्याने दोन्ही पाय खाली सोडले. खाली नेमका वडलांचा फेटा होता.