डाव्या पायाखाली

शिकताना डॉक्टर आदर्शच्या हातून किती माणसं मेली, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. ती सगळी सरावाच्या यंत्रातली होती. पडद्यावर उघडं पोट दिसायचं आणि हातातल्या कात्रीला खऱ्यासारखं मांस लागायचं. शिरेवर टोक टेकवलं की तिचं थडथडणं बोटांना जाणवायचं. चुकून शीर कापली गेली, तर ते थडथडणं मंद होत होत थांबायचं. मग डाव्या पायानं पेडल दाबायचं. पोट पुन्हा जसंच्या तसं, नाडी पुन्हा सुरू.

वर्षभरात त्याचा हात चांगला बसला.

आज कारंज्याच्या एका दवाखान्यात त्यानं पहिल्यांदाच एकट्यानं ऑपरेशन केलं. टेबलावर धनजच्या रुख्मिणीबाई होत्या. आत एक शीर तुटली. बोटांखालचं थडथडणं मंद होत गेलं, आणि थांबलं.

बाहेर बाकावर त्यांचे यजमान जानराव बसले होते. बायको शुद्धीवर आली की तिला द्यायला आणलेला पेजेचा डबा त्यांच्या मांडीवर होता. आदर्श समोर जाऊन उभा राहिला.

"काका, आमी लय कोशिश केली," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

जानरावांनी मान खाली घातली. बराच वेळ ते फरशीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले,

 

"डॉक्टरसाहेब, इचू-बिचू हाय काय पायाखाली? मघापासून डावा पाय दाबूनच राह्यले तुमी."