अंतर्गत प्रश्न

वर्गात जागतिक परिषदेचा खेळ रंगला होता. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एकेक देश दिला होता आणि वर्गातल्या एका मुलीच्या वाट्याला नेमका तोच आला, जिथून दोन वर्षांपूर्वी ती आईबरोबर जीव मुठीत धरून आली होती. "आमच्या गावांवर बॉम्ब पडतायत, कुणीतरी थांबवा," ती घसा फोडून दोनदा म्हणाली. महासत्ता झालेल्या मॉनिटरने जांभई दिली. "तो तुमचा अंतर्गत प्रश्न आहे, बाई. चला, पुढचा देश."

ती काही खाली बसली नाही. "अजून एक सांगायचं राहिलंच. परवा आमच्या परसात खड्डा खणला, तर तेल लागलं."

मॉनिटर ताडकन सरळ झाला. "आम्ही सैन्य पाठवतो. माणुसकी म्हणून." पाठोपाठ आणखी सात हात वर गेले. सरांनाही हसू आवरेना. "बघ, मिळाली की नाही मदत?"

"तेल नाही लागलं, सर. खड्डा मात्र खरा आहे. माझे आजोबा मागे गावातच राहिले होते, त्यांना पुरायला खणला."

हात घाईघाईने खाली येऊ लागले.

"वरच ठेवा," ती म्हणाली. "मी अजून मोजतेय."